तोंडाची बाजू

कल्हई झालेलं भांडं ते लगेच हातात देत नसत. आधी फडक्यात धरून स्वतःच्या तोंडासमोर आणत, एक भुवई उचलून आत बघत, मग भांडं फिरवून आपल्यासमोर धरत आणि विचारत, "बगा, तोंड दिसतं का?"

"दिसतं," असं म्हटल्याशिवाय भांडं मिळत नसे.

मी देगलूरच्या हायस्कुलात मराठी शिकवायला आलो, त्या वर्षी पहिल्यांदा एक पातेलं घेऊन त्यांच्याकडे गेलो. शाळेची वेळ झाली होती. न बघताच "हो हो, दिसतं" म्हणालो. त्यांनी पातेलं मागे ओढलं.

"न बगता बोलले. मास्तर हाय ना तुम्ही? पोरगं न वाचता 'धडा येतो' म्हणालं तर सोडता का?"

मग मी वाकलो आणि नीट बघितलं. चष्मा दिसला, नाक दिसलं, मागे कडुनिंबाची एक फांदी दिसली.

"दिसतं."

"हां. आता न्या."

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी माळ्यावर अजून एखादं पितळी पातेलं पालथं पडलं असेल, त्यांना असा कुणीतरी माणूस आठवेल. त्यांचं नाव मी लिहीत नाही. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणे, मीही म्हणे. पंचवीस वर्षांत मला दुसऱ्या नावाची गरज पडली नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, कडुनिंबाखाली, जमिनीत त्यांची भट्टी होती. भट्टी म्हणजे परातीएवढा खड्डा. त्यात कोळसा, आणि बाजूला हातानं फिरवायचा पंखा. भांडं तापलं की चाचा त्यात नवसागराची चिमूट टाकत. पांढरा धूर उठे, त्या धुरात चाचा दिसेनासे होत, आणि धूर विरला की भांड्याच्या आत चांदीसारखा एक लखलखीत पट्टा फिरत असलेला दिसे. कथलाची कांडी एका हातात, कापसाचा बोळा दुसऱ्या हातात. हे सगळं दोनतीन मिनिटांत आटपे. पण त्याआधीची घासणी बघायला मुलं थांबत. मोठ्या भांड्यात वाळू टाकून चाचा स्वतः आत उभे राहत आणि झाडाच्या बुंध्याला धरून कंबरेतून असे गरगर वळत की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस भांड्यातून नाचत बाहेर येणार.

धंदा ते निजामाबादच्या एका उस्तादाकडे शिकले होते. त्यामुळे उर्दू घरची, मराठी बाजारची आणि मोजणी तेलुगूतली, अशी त्यांची वाटणी होती. भांडी मोजायची तर "ओकटी, रेंडू, मूडू"च. "हिशेब मराठीत केला की चुकतो," म्हणत.

बायका भांडी न्यायला आल्या की त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे. कुणीतरी म्हणायचंच, "चाचा, बाहेरून काळं राहिलं की!"

"आतलं माझं, बाहेरचं तुमचं," चाचा म्हणत. "जेवण आत शिजतं. बाहेरून काय, यष्टी बी धुतली की चमकती."

त्यांचा अभिमान एकाच गोष्टीचा होता. त्यांच्या हातचं भांडं कधी वापस आलं नाही. हे ते मोठ्यानं सांगत. एकदा मी स्वतः ऐकलं होतं, की एका बाईची कल्हई आठ दिवसांत काळी पडली. मी त्यांना तसं म्हणालो.

"ते वापस नाही आलं," चाचा म्हणाले. "मी जाऊन आणलं. बाईनं रातभर चिंच भिजत टाकली होती त्याच्यात. तिला दोन शब्द सुनावले, भांडं उचललं, नवी कल्हई करून दिली. वापस येणं अलग, मी जाऊन आणणं अलग."

मराठीचा शिक्षक असूनही हा फरक मला तेव्हा फारसा पटला नव्हता.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. स्टील आलं, न चिकटणाऱ्या काळ्या कढया आल्या. गंमत अशी, की चाचांच्या मुलानंच मेन रोडवर स्टीलच्या भांड्यांचं दुकान टाकलं. चांगलं चाललं ते. "माझ्याच घरात माझी सवत," चाचा म्हणत. पण दुपारचा डबा त्याच दुकानातला, चार पुड्यांचा, आणि तो ते कौतुकानं दाखवीत. भट्टी आता सणासुदीलाच पेटे. त्यात त्यांना खोकला लागला. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसरा काढायचा राहिला.

आमच्या पल्लवीनं गिटार करायला घेतली ती या दिवसांत.

पल्लवी माझी मुलगी. लातूरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून तिथंच स्पीकर-अँप्लिफायर दुरुस्त करते, आणि सुटीच्या दिवशी मैत्रिणींबरोबर वाजवते. ती वाजवते त्याला बेस गिटार म्हणतात. चार जाड तारा, आवाज खालचा, घुमणारा. गाणं ऐकताना वेगळा कळत नाही, पण थांबला तर गाणं पोकळ होतं. विकतचं वाद्य तिच्याकडे होतं. तिला स्वतःच्या हातचं हवं होतं. आमच्या शाळेनं मोडीत काढलेल्या बाकाची सागवानी फळी मी तिला आणून दिली होती. दिवाळीच्या सुटीत तिनं ती अंगणात कापली, घासली, गोलाई दिली. दांडा आणि बाकीचे सुटे भाग पार्सलनं आले, तोवर माझी शाळा पुन्हा सुरू झाली होती. सगळं जोडून झाल्यावर तिला हवी होती स्क्रॅचप्लेट. म्हणजे तारांखाली लाकडावर बसवायचा पातळ पत्रा, वाजवताना नखाचे नि तारा छेडायच्या पट्टीचे ओरखडे लाकडावर पडू नयेत म्हणून.

"त्या फळीवर चाळीस वर्षं पोरांनी कर्कटकानं नावं कोरली," माझी बायको म्हणाली, "तेव्हा कुणी पत्रा लावला नाही. आता ओरखड्याची काळजी!"

"आई, आणखी एक आहे. अँपला लावली की ती घरघरते. खाली धातूचा पत्रा असला, त्याला तार जोडली, की घरघर कमी होते."

बायकोनं स्टूल ओढलं. स्टुलावर चढून तिनं माळ्यावरची पितळी परात काढली. आमच्याकडे तिच्यात ताकातलं पीठ भिजवत असत, म्हणून तिला दरवर्षी कल्हई लागे. गेली दहा वर्षं ती नुसती पडून होती. "घे," ती म्हणाली. "पण भोकं पाडलेली परात मला परत नको."

पल्लवीनं कागदाचा साचा कापला. पत्र्याचा आकार वेडावाकडा होता, एका बाजूला शिंगासारखा निघालेला. उलटा केला तर बसणार नाही, असा. दुसऱ्या दिवशी तिला दोन दिवसांसाठी लातूरला जायचं होतं, म्हणून चाचांकडे मी जायचं ठरलं. तिनं परातीच्या बाहेरच्या बाजूला खडूनं खूण केली. "बाबा, ही फेसची बाजू. पितळेचा पिवळा रंग वर दिसायला पाहिजे. हीच चमकली पाहिजे, आतल्या बाजूचं काही करायचं नाही."

मी परात घेऊन गेलो. चाचा बराच वेळ साचा हातात फिरवत राहिले.

"कशाचं झाकण हे?"

"गिटारचं. म्हणजे, बाजाचं."

"पोकळ हाय का बाजा आतून?"

"नाही. भरीव लाकूड आहे."

"भरीव? मंग बोलणार कुठून?"

तेवढ्यात त्यांचा मुलगा डबा घेऊन आला. परात, साचा, कोळसा बघून त्याचा चेहरा उतरला.

"अब्बा, डॉक्टरांनी धूर बंद सांगितला ना? सर, तुम्ही तरी सांगा. एका डोळ्यानं पत्रा कापणार का हे? खराब झालं तर गल्लीत नाव जाईल. पंचेचाळीस वर्षांचं."

चाचांनी साचा खाली ठेवला. मुलाकडे न बघता, माझ्याकडे बघत म्हणाले, "मास्तर साक्षीला हायेत. हे काम वापस आलं, तर हा खड्डा मी माझ्या हातानं बुजवतो. नाही आलं, तर तू पुन्हा भट्टीचं नाव काढायचं नाही."

"मंजूर," मुलगा म्हणाला. त्याला हसू येत नव्हतं.

मी जायला निघालो तेव्हा चाचांनी विचारलं, "चमकवायची कुठली बाजू?"

खडूची खूण परातीवर होती. पण हातात धरून धरून ती पुसली गेली होती. पल्लवीचा 'फेस' शब्द मला आठवला. आयुष्यभर मुलांना 'मराठी शब्द वापरा' सांगणारा मी. म्हणालो, "तोंडाची बाजू."

"तोंडाची," चाचा म्हणाले. "हाव. समजलं."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत मी काम बघायला गेलो. त्यांनी परातीचा काठ कातरीनं उतरवला होता. उरलेला तळ निखाऱ्यावर लाल करून पाण्यात बुडवला. "पितळ अकडलेलं असतं. एकदा तापवून विझवलं की ऐकतं." मग सपाट फरशीवर लाकडी मोगरीनं हलके हलके ठोकून तो सरळ केला. दर चार ठोक्यांनी ते गाल फरशीला लावून, बऱ्या डोळ्यानं पत्र्याखालची फट बघत. पालथ्या पत्र्यावर साचा ठेवून खिळ्यानं रेघ ओढली, आणि ती रेघ कापताना ते खोकायचे थांबले. खरंच थांबले. शिंगासारख्या टोकाला कातर वळेना, तिथं त्यांनी कानशीनं तासभर घासलं. कडेला तिरपा उतार दिला. तो कुणी सांगितला नव्हता. "बेटीचा हात फिरणार हिच्यावरून," म्हणाले. "लागलं तर?" स्क्रूची भोकं पाडून ती बोटानं मोजली: "…आरू, एडू, एनिमिदी. आठ." शेवटी पायातली चप्पल काढली, वाळू घेतली आणि परातीत उभे राहायचे तसे त्या एवढ्याशा पत्र्यावर एका टाचेनं उभे राहिले. कडुनिंबाला धरून वळू लागले.

कुठल्या बाजूवर, ते मी बघितलं नाही. मी त्यांचे पाय बघत होतो.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर गेलो तेव्हा पत्रा फडक्यात गुंडाळलेला होता. मुलगाही येऊन उभा होता. चाचांनी फडकं उलगडलं, भुवई उचलली, पत्रा माझ्यासमोर धरला.

"बगा. तोंड दिसतं का?"

चांदीसारखी कल्हई होती. इतकी नितळ मी त्यांच्याही हातची बघितली नव्हती. त्यात माझं तोंड दिसत होतं, शर्टाची गुंडी दिसत होती. मी पत्रा हातात घेऊन उलटला. पलीकडे, जी बाजू वर दिसायची होती, ती भट्टीच्या धुरानं काळीकुट्ट होती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. भांड्याचं तोंड म्हणजे जिथून आपण आत बघतो ते. कल्हईवाल्याला 'तोंडाची बाजू' म्हटल्यावर तो आतली बाजूच चमकवणार. दुसरं काय करील? चूक त्यांची नव्हती, माझ्या शब्दाची होती. पण पैज शब्दावर लागली नव्हती.

"काय झालं?" चाचांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "दिसतं. छान दिसतं."

मुलगा दुकानाकडे गेला.

पल्लवी लातूरहून आली आणि पत्रा बघून ओरडलीच, "बाबा, उलटं केलंय! परत द्या. बाहेरचा काळा काढून, घासून द्या म्हणावं."

मी पैजेचं सांगितलं. माझ्या 'तोंडाच्या बाजू'चंही सांगितलं. ती कपाळाला हात लावून बसली. "म्हणजे तुमच्या मराठीपायी मी काळा पत्रा लावू? मग ते झाकण त्यांच्याच भट्टीवर ठेवा ना! सगळ्यांसमोर वाजवायचंय मला बाबा, आणि घरी केलेली म्हटल्यावर सगळे आधी तेच बघणार."

तिचंही खोटं नव्हतं. मी खिडकीशी उभा राहिलो. बायको आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली, पत्रा उचलून दोन्ही बाजूंनी बघितला.

"उलटं कुठाय?" ती म्हणाली. "आतलं त्यांचं, बाहेरचं आपलं. पंचवीस वर्षं तेच तर सांगत आलेत." आणि पत्रा घेऊन ती मोरीवर बसली. चिंच, मीठ, राख. पल्लवी थोडा वेळ फुगून बसली, मग उठून तिच्या शेजारी गेली. दोघींनी आळीपाळीनं घासला. काळ्यातून आधी तांबूस, मग पिवळा रंग वर आला. पूर्ण आरसा नाही झाला. मोगरीच्या ठोक्यांचे बारीक चट्टे राहिले. उन्हात धरल्यावर ते पाण्यावरच्या थेंबांसारखे दिसत. पल्लवीला तेच आवडले.

दुपारी ती तार जोडायला बसली आणि मला हाक मारली. नुसत्या पितळेला आधी खरडावं लागेल, जास्त तापवावं लागेल, असा तिचा अंदाज होता. कल्हईवर डाग, म्हणजे तारेचा टाका, कसा धरतो ते तिला दाखवायचं होतं. गरम सळई टेकली न टेकली, तोच टाका तुपासारखा पसरला आणि तार बसली. "कल्हई म्हणजे कथील, आणि माझ्या डागातही कथीलच," ती म्हणाली. "बाबा, मी सांगितलं होतं तसं केलं असतं तर मला अर्धा दिवस लागला असता." पत्रा बसवला, अँप सुरू केला. घरघर नव्हती. पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

चाचा आले ते त्यानंतर चार दिवसांनी. हातात कापडी पिशवी. पंचवीस वर्षांत ते आमच्या घरी कधी आले नव्हते. पाणी दिलं तर हातात नुसतं धरून बसले.

"मास्तर, तो पत्रा द्या."

"का?"

"तुम्ही उलटून बगितलं ना, तवाच समजलं मला. तुम्हाला खोटं बोलता येत न्हाई. चार दिवस झोप न्हाई. मुलाला विचारलं, त्यानं मोबाईलवर गिटारा दाखवल्या. पत्रा बाहेरून चमकतो." त्यांनी पिशवी उघडून धरली. "वापस न्हाई आला हां. मी न्यायला आलो."

तो फरक मला त्या दिवशी पटला. तो त्यांनी स्वतःला वाचवायला केलेला नव्हता. वापस येईपर्यंत वाट बघत बसायचं नाही, चूक कळली की आपण चालत जायचं, एवढाच त्याचा अर्थ होता.

पल्लवी गिटार घेऊन आली. चाचांनी पत्र्यावरून बोट फिरवलं. "हे कुणी केलं?"

"आम्ही," बायको म्हणाली. "बाहेरचं आमचं ना, चाचा?"

"भाबी, मला बनवू नका." त्यांचा आवाज बदलला होता. "म्हाताऱ्याचं मन राखून राहिले तुम्ही सगळे."

"चाचा, मन राखत नाही, तुम्हीच ऐका," पल्लवी म्हणाली. तिनं तारा सैल केल्या, आठ स्क्रू काढले आणि पत्रा उलटला. कल्हईच्या मधोमध तारेचा टाका होता.

"माझ्या कल्हईवर डाग कुणी पाडला?" चाचा एकदम पूर्वीच्या आवाजात म्हणाले.

"मीच. आता बघा." तिनं टाका सोडवला, पत्रा नुसताच जागेवर ठेवला, अँप लावला. पिठाच्या गिरणीसारखी घरघर खोलीभर झाली. मग पुन्हा तार चिकटवली, पत्रा ठेवला. शांत. "आत कल्हई होती म्हणून हे एवढ्या सहज झालं."

"पुन्हा कर."

तिनं पुन्हा केलं. घरघर, आणि शांत.

"अजून एकदा."

तिसऱ्या वेळी चाचा हसले. हसता हसता खोकला आला, मग हातातलं पाणी प्यायले. पल्लवी स्क्रू पिळत होती तेव्हा ते पुटपुटत मोजत होते, एनिमिदीपर्यंत. तिनं तारा लावल्या आणि सगळ्यात जाड तार छेडली. चाचांनी परवानगी न घेता तळहात पत्र्यावर ठेवला, आजाऱ्याच्या छातीवर ठेवावा तसा.

"परात बोलून राहिली," ते म्हणाले.

जाताना दारात थांबून त्यांनी मला विचारलं, "मास्तर, साक्षीला होते तुम्ही. वापस आलं का?"

"नाही."

"मुलाला सांगा. मी सांगितलं तर त्याला खरं वाटणार न्हाई."

मी संध्याकाळीच दुकानात जाऊन सांगितलं. सगळं सांगितलं, माझ्या शब्दासकट. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मंग आता मला काही बोलता येत नाही." दुसऱ्या दिवशी त्यानं वडिलांना तोंडाला बांधायला चांगला जाड रुमाल आणून दिला. भट्टी आणखी दोन दिवाळ्या पेटली.

चाचा गेले तेव्हा मी लातूरला पल्लवीकडे होतो. मुलाचा फोन आला. मी पोचेपर्यंत माती झाली होती. त्याच्या शेजारी थोडा वेळ बसलो. उठताना तो म्हणाला, "सर, खड्डा मी बुजवला नाही. वापस काही आलं नव्हतं ना." परतताना कडुनिंबाखाली बघितलं. कुणाचा पाय जाऊ नये म्हणून त्यानं दुकानातलं एक मोठं स्टीलचं झाकण खड्ड्यावर ठेवलं होतं. बाहेरून चकचकीत होतं.

गेल्या महिन्यात लातूरला पल्लवी गिटारीचं एक बटण बदलत होती. पत्रा काढून तिनं माझ्या हातात दिला, "धरा जरा." मी उलटला. कल्हई थोडी मावळली आहे, मधे तो टाका आहे. मी चष्मा पुसला. खिडकीजवळ गेलो. उजेड येईल असा पत्रा धरला आणि घाई न करता बघितलं.

"दिसतं," मी म्हणालो.

"काय बाबा?" पल्लवीनं विचारलं.